३० जानेवारीचे फोटो, आणि जे कधी निघालेच नाहीत

दरवर्षी ३० जानेवारीला तुमच्या व्हॉट्सअॅपवर एक फोटो येत असेल. पिस्तूल रोखलेला तरुण, पुढ्यात गांधीजी, खाली ठसठशीत अक्षरांत 'गांधीहत्येचा दुर्मिळ फोटो'. तो गांधीहत्येचा फोटो नाही. १९६३ साली आलेल्या 'नाइन अवर्स टू रामा' या इंग्रजी सिनेमातलं ते दृश्य आहे आणि त्यातला नथुराम म्हणजे होर्स्ट बुखहोल्त्स नावाचा जर्मन नट. गोळी झाडली त्या क्षणाचा फोटो उपलब्धच नाही. आपल्याकडे जे आहे ते सगळं नंतरचं आहे: फाटकापाशी जमलेली गर्दी, अंत्ययात्रा, चिता, अस्थींची गाडी, आणि मग कोर्ट.

आजचा लेख या 'नंतरच्या' फोटोंबद्दल आहे. ते काय दाखवतात, कसे दाखवतात, आणि त्यांच्या चौकटीबाहेर काय राहिलं.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: मी रसायनशास्त्रात पीएचडी करते. जुन्या कृष्णधवल फोटोंमधली चांदी कशी खराब होते, हा माझा विषय. राहते पवनानगरला, कामशेतपर्यंत गाडी आणि तिथून पुण्याची लोकल, असा रोजचा प्रवास. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, त्यामुळे फोटोकडे बघायची माझी सुरुवात जरा वेगळ्या टोकाने होते. 'हा फोटो किती हृदयद्रावक आहे' याच्या आधी माझ्या डोक्यात प्रश्न येतो, 'इथे उजेड किती होता?' आज याच प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो वाटतो तितका कोरडा नाही.

संध्याकाळचे सव्वापाच

३० जानेवारी १९४८, शुक्रवार. दिल्लीतलं बिर्ला हाउस. सरदार पटेलांबरोबरचं बोलणं लांबल्यामुळे गांधीजींना प्रार्थनेला उशीर झाला होता. मनू आणि आभा यांच्या खांद्यांवर हात ठेवून ते निघाले. ५ वाजून १७ मिनिटांनी नथुराम गोडसेने तीन गोळ्या झाडल्या. जानेवारीअखेर दिल्लीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे बातमी शहरात पसरली, लोक बिर्ला हाउसकडे धावले, नेहरू आले, तोवर उजेड गेलेला होता.

त्या दिवशी दुपारी एक फ्रेंच छायाचित्रकार गांधीजींना भेटून गेला होता: आँरी कार्तिए-ब्रेसाँ, वर्षभरापूर्वी स्थापन झालेल्या मॅग्नम या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. त्याने आपल्या फोटोंचं पुस्तक गांधीजींना दाखवलं. त्यातल्या एका शववाहिनीच्या फोटोवर ते थबकले आणि मृत्यूबद्दल काहीतरी बोलले, असं त्याने पुढे सांगितलं. या फोटोंवरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात ही गोष्ट येते. मला विचाराल तर ती बाजूला ठेवलेली बरी. फोटोंभोवती भविष्यवाणीचं वलय तयार झालं की आपण फोटो बघणं सोडून देतो.

हललेल्या फोटोचं गणित

त्याचा सर्वांत प्रसिद्ध फोटो म्हणजे बिर्ला हाउसच्या फाटकापाशी गांधीजी गेल्याचं सांगणारे नेहरू. तुम्ही तो पाहिला असेल. अंधार, दिव्याचा झगझगीत उजेड, गर्दीच्या वर दिसणारे नेहरू. चेहरा नीट दिसत नाही. फोटो हललेला आहे. नेमका फोकस, नेमकी चौकट यांसाठी ज्या माणसाचं जगभर नाव, त्याचा हा फोटो तांत्रिक निकषांवर 'खराब' आहे.

आता थोडं गणित करू. मी धरलेले आकडे अंदाजी आहेत, पण त्यातून मुद्दा कळेल. कार्तिए-ब्रेसाँ लायका वापरायचा. त्याची फिल्म ३५ मिलिमीटरची, एका फ्रेमचा आकार २४ गुणिले ३६ मिलिमीटर. समजा लेन्स ५० मिलिमीटरची होती आणि नेहरू दहा मीटरवर होते. तर नेहरूंचा साधारण २० सेंटिमीटरचा चेहरा फिल्मवर फक्त एक मिलिमीटर उमटेल. हरभऱ्याच्या दाण्यापेक्षाही कितीतरी लहान.

इतक्या कमी उजेडात शटर निदान सेकंदाचा आठवा भाग उघडं ठेवावं लागलं असेल. गर्दीच्या धक्क्याबुक्क्यात, बोलताना माणसाचं डोकं सेकंदाला ३० सेंटिमीटर या वेगाने सहज हलतं. म्हणजे शटर उघडं असताना ते पावणेचार सेंटिमीटर सरकलं. हा फोटो आठपट मोठा करून पानभर छापला, तर चेहरा आठ मिलिमीटरचा दिसेल आणि त्यात दीड मिलिमीटर पुसटपणा असेल. चेहऱ्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा.

हे कशाला सांगितलं? कारण समीक्षक या पुसटपणाला 'देशाचा डळमळलेला धीर' वगैरे म्हणतात. तसं वाटू शकतं, नाही असं नाही. पण आधी तो पुसटपणा ही एक नोंद आहे. उजेड किती कमी होता, माणूस किती हलत होता आणि फोटो काढणाऱ्याला किती रेटारेटीत उभं राहावं लागलं, या तिन्ही गोष्टी त्या दीड मिलिमीटरमध्ये साठलेल्या आहेत. तिथे तिपाई लावलेला, स्वच्छ, नीट उजळलेला फोटो मिळाला असता, तर मी आधी शंका घेतली असती.

फिल्मवर हे घडतं कसं, तेही पाहू. फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक असतात. प्रकाश पडला की एखाद्या स्फटिकात चांदीचे मोजके अणू सुटे होऊन एकत्र येतात. डोळ्याला काहीच दिसत नाही. मग डेव्हलपरमध्ये तो अख्खा स्फटिक धातूची चांदी होतो, म्हणजे त्या मोजक्या अणूंचा परिणाम कोट्यवधी पट वाढतो. ज्या स्फटिकाला पुरेसा प्रकाश मिळाला नाही तो फिक्सरमध्ये विरघळून जातो, त्याची खूण उरत नाही. फाटकापाशी अंधारात उभे असलेले बहुतेक लोक असेच विरघळून गेले. ते तिथे होते. प्रकाश त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फ्लॅश

त्याच दिवशी, हत्येच्या काही तास आधी, आणखी एक छायाचित्रकार गांधीजींना भेटली होती: 'लाइफ' मासिकाची मार्गारेट बर्क-व्हाइट. गांधीजी आणि चरखा हा १९४६ चा प्रसिद्ध फोटो तिचाच. ती मोठा कॅमेरा आणि फ्लॅशचे बल्ब वापरायची. हत्येनंतर ती आत, पार्थिव ठेवलं होतं त्या खोलीत गेली आणि तिने फ्लॅश उडवला. शोकात बसलेले लोक भडकले, तिला बाहेर काढण्यात आलं आणि तिची फिल्म वाया घालवली गेली, असं सांगितलं जातं.

या दोघांची तुलना नेहमी एका साच्यात होते: तो संयमी, ती आक्रमक. मला हा निवाडा फार सोपा वाटतो. फ्लॅश उडाला की खोलीतल्या प्रत्येकाला कळतं, आपला फोटो निघाला. राग येतो, विरोध करता येतो, आणि त्या लोकांनी तो केलाही. लायकावाल्याचा फोटो निघाला हे बहुतेकांना कळतच नाही. तोही शोकातल्या माणसांच्या अगदी जवळ जाऊनच फोटो काढत होता. कुणाचा कॅमेरा जास्त सभ्य, हे आवाजावरून आणि उजेडावरून ठरवायचं का? बर्क-व्हाइटने मर्यादा ओलांडली हे खरंच. पण तिचं ओलांडणं सगळ्यांना दिसलं, एवढा फरक उरतोच.

शेवटी 'लाइफ'च्या फेब्रुवारी १९४८ च्या अंकात दोघांचेही फोटो छापले गेले आणि जगाने गांधीजींचा मृत्यू त्या पानांवर पाहिला.

तिसरं नाव होमाई व्यारावाला. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्या दिवशी त्या बिर्ला हाउसला जायला निघाल्या होत्या, पण पतीने थांबवलं. उद्या दोघं मिळून जाऊ, असं ठरलं. तो दिवस हुकल्याची खंत त्यांनी म्हातारपणापर्यंत बोलून दाखवली. अंत्यसंस्काराचे फोटो मात्र त्यांनी काढले. माझी तक्रार अशी आहे की त्या दिवसांबद्दल लिहिताना आपण होमाईबाईंचा हुकलेला फोटो आठवतो आणि काढलेले विसरतो. नेहरूंचा हललेला फोटो शाळकरी मुलांनाही माहीत असतो, पण दिल्लीत वर्षानुवर्षं रोज काम करणाऱ्या आपल्या बाईचा एकही अंत्ययात्रेचा फोटो चटकन आठवत नाही. याला फोटोची प्रत कारण नाही. कुठल्या मासिकाचं वितरण जगभर होतं, हे कारण आहे.

कोर्टातला फोटो

२७ मे १९४८ ला लाल किल्ल्यात खटला सुरू झाला. आरोपींच्या बाकांचा फोटो तुम्हाला आठवत असेल. पुढे नथुराम गोडसे, नारायण आपटे, विष्णू करकरे. मागच्या रांगेत काळी टोपी घातलेले सावरकर, जे पुढे निर्दोष सुटले. हा फोटो फाटकाच्या फोटोच्या बरोबर उलटा आहे. सगळे बसलेले, स्थिर, प्रत्येकाचा चेहरा स्वच्छ. इथे पुसटपणा नाही, कारण इथे कॅमेऱ्याला परवानगी होती, वेळ होता, उजेड होता.

म्हणून तो फोटो जास्त सावधपणे वाचावा लागतो. आजही लोक त्यातल्या चेहऱ्यांवरून 'बघा कसा शांत आहे', 'बघा कसा बेफिकीर आहे' असे निष्कर्ष काढतात, दोन्ही बाजूंनी. एका बसलेल्या क्षणातून माणसाचं मन वाचता येत नाही. फोटो एवढंच सांगतो की कोण कुठे बसलं होतं.

आता आपल्याकडे या

गोडसे आणि आपटे पुण्याचे. करकरे नगरचा. 'हिंदुराष्ट्र' हे त्यांचं दैनिक पुण्यातून निघायचं. त्यामुळे हत्येचे पडसाद जसे दिल्लीत उमटले, तसेच आपल्याकडेही उमटले, पण फार वेगळ्या रूपात. मुंबई, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांच्या घरांवर, दुकानांवर, छापखान्यांवर हल्ले झाले, जाळपोळ झाली. शिवाजी पार्कला डॉ. नारायण सावरकरांवर दगडफेक झाली. ते पुढच्या वर्षी वारले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. गावोगावची कुटुंबं रातोरात निघाली ती पुण्या-मुंबईत येऊन राहिली, कायमची. त्याच आठवणींमध्ये शेजाऱ्यांनी लपवून ठेवल्याचे, मध्ये उभे राहिल्याचेही प्रसंग येतात. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ही कादंबरी याच दिवसांवरची. मॉरीन पॅटरसन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९४८ वर लिहिलं.

आता डोळे मिटा आणि या जाळपोळीचा एखादा फोटो आठवून बघा.

येत नाही ना? दिल्लीचे दहा तरी येतात. फाळणीचे येतात: रेल्वेच्या टपावर बसलेले लोक, बैलगाड्यांची रांग. महाराष्ट्रातल्या फेब्रुवारी १९४८ चा सगळ्यांच्या ओळखीचा असा एकही फोटो नाही. कादंबरी आहे, आठवणी आहेत, कुठेतरी जळकी तुळई आहे. फोटो नाही.

का नाहीत?

पहिलं कारण साधं: कॅमेरे दिल्लीत होते. स्वातंत्र्य आणि फाळणी यांमुळे जगभरचे वार्ताहर तिथेच मुक्कामाला होते. सातारा जिल्ह्यातल्या गावात कोण जाणार?

दुसरं छपाईचं. त्या काळच्या वर्तमानपत्रात फोटो छापायचा तर जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे, त्याला पैसे आणि वेळ लागे. शिवाय ब्लॉकमध्ये फोटोचे ठिपके होतात. खरखरीत कागदावर इंचाला साधारण ६५ ओळी ठिपके मावतात. नेहरूंचा तोच फोटो दोन कॉलमांत छापला आणि चेहरा तीन मिलिमीटरचा झाला, तर त्या चेहऱ्याच्या रुंदीत आठ ठिपके येतील. आठ! 'लाइफ'च्या गुळगुळीत कागदावर जो पुसटपणा भावना म्हणून दिसतो, तो आपल्याकडच्या वर्तमानपत्रात नुसता काळा डाग दिसला असता. छोट्या मराठी पत्राच्या संपादकाने ब्लॉकवर खर्च केला नाही, यात नवल नाही.

तिसरं कारण अवघड आहे. तो फोटो हवा होता कुणाला? ज्यांचं घर जळलं त्यांना लाज आणि भीती, शिवाय मारेकरी आपल्याच जातीतला याचं ओझं. ज्यांनी जाळलं त्यांच्यासाठी तो पुरावा. सरकारला वातावरण निवळायला हवं होतं. म्हणजे न काढण्यावर सगळ्यांचं न बोलता एकमत होतं. दिल्लीतल्या शोकाला प्रेक्षक हवे होते. इथल्या आगीला कुणीच साक्षीदार नको होता.

चौथं कारण माझ्या विषयातलं. निघालेला फोटो टिकतोच असं नाही. चांदीला हवेतलं गंधक आणि दमटपणा मानवत नाही. जुन्या फोटोच्या काळ्या भागांवर, कडेकडेने, निळसर आरशासारखी झाक आलेली तुम्ही पाहिली असेल. चांदीचे आयन पृष्ठभागावर येऊन पुन्हा धातू होतात, त्याची ती झाक. त्यात जिलेटिन म्हणजे बुरशीचं आवडतं खाद्य. परदेशी संग्रहालयात फोटो थंड, कोरड्या खोलीत राहतो. आमच्या मावळात तो ट्रंकेत, गोधडीखाली, चार महिने धो धो पावसात राहतो. लग्नाचे फोटोसुद्धा टिकत नाहीत, बाकीच्यांची काय कथा.

जयप्रभा स्टुडिओच्या आगीत तर गोष्ट आणखी पुढे जाते. त्या काळची सिनेफिल्म सर्रास नायट्रेटची, आणि नायट्रेट फिल्म अशी पेटते की पाण्यानेही विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्याच आत असतो. २००३ साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागून जुन्या फिल्म गेल्या, त्याही नायट्रेटच्याच. म्हणजे १९४८ मध्ये कोल्हापुरात दृश्य साठवणारं साहित्य स्वतःच आगीचं सरपण झालं.

नाहीत ते बरं, असं म्हणायचं का?

हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण माझ्या ओळखीच्या अनेकांचं मत हेच आहे. जळत्या वाड्यांचे फोटो असते, तर प्रत्येक पिढीने ते बाहेर काढून जातीचा हिशेब मांडला असता. व्हॉट्सअॅपचा अनुभव पाहता हा धोका खोटा म्हणता येत नाही.

तरी मला ते पटत नाही. फोटो नसल्यामुळे हिशेब थांबलेला नाही, उलट बेहिशेबी झाला आहे. कुणी म्हणतं फार काही झालंच नाही, कुणी म्हणतं हजारोंची कत्तल झाली. दोघांनाही अडवायला समोर काही नाही. फोटो असता तर निदान विचारता आलं असतं: हे गाव कुठलं, तारीख काय, मागे उभी माणसं जाळणारी की विझवणारी? पुराव्याची एक शिस्त असते. ती दोन्हीकडच्या बढाईला आवर घालते.

आमच्या मावळाने हे जवळून पाहिलं आहे. ९ ऑगस्ट २०११ ला पवनेच्या पाण्याच्या बंद जलवाहिनीविरोधात बऊरजवळ शेतकरी द्रुतगती महामार्गावर उतरले, पोलिसांचा गोळीबार झाला, तीन जण गेले. मोठा रस्ता होता, कॅमेरे होते, त्या दिवसाची दृश्यं देशाने टीव्हीवर पाहिली. त्यावर वाद झाले, अजून होतात. पण 'असं काही घडलंच नाही' असं कुणी म्हणू शकत नाही. हेच एखाद्या आतल्या वाडीत घडलं असतं तर?

आणि याच पवनेच्या पोटात याचं उलट उदाहरण आहे. धरणाखाली गावं गेली. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वाघेश्वराचं देऊळ वर येतं, तेव्हा म्हातारी माणसं बोटाने दाखवतात, इथे आमचं घर, तिथे खळं. ऐकणाऱ्याला चिखल दिसतो. सांगणारं माणूस गेलं की बोट दाखवणारंही कुणी राहत नाही.

म्हणून कार्तिए-ब्रेसाँचा फोटो थोर आहे हे मी मान्य करते, पण त्याला 'त्या काळाचा चेहरा' म्हणायला तयार नाही. तो एका फाटकाचा, एका संध्याकाळचा, एका शहराचा फोटो आहे. त्याच्या काळोखात उभे असलेले लोक मी मघाशी सांगितले, ज्यांचे स्फटिक फिक्सरमध्ये विरघळून गेले. महाराष्ट्रातला १९४८ चा फेब्रुवारी त्या काळोखात आहे. थोर फोटोची अडचण हीच असते की तो इतका पुरेसा वाटतो, की बाकी काही होतं हे आपण विसरतो.

तुम्ही काय करू शकता

पुढच्या ३० जानेवारीला तो सिनेमातला फोटो आला, तर पाठवणाऱ्याला शांतपणे सांगा. रंग भरलेला 'अस्सल' फोटो आला, तर आधी मूळ कृष्णधवल शोधा. रंग कुणीतरी आज कल्पनेने भरलेले असतात. मथळा कुणी लिहिला, कडा कुठे कापल्या, हे विचारायची सवय लावा.

आणि घरात जुने फोटो असतील, कुठल्याही प्रसंगाचे, तर या रविवारी बाहेर काढा. चिकटणाऱ्या प्लॅस्टिकच्या अल्बममधून अलगद सोडवा. निघत नसतील तर ओढू नका, आहे तसाच फोटो काढून ठेवा. साध्या कागदी पाकिटात, कोरड्या जागी, जमिनीपासून वर ठेवा. मागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता लिहा: कोण, कुठे, कधी. बॉलपेन नको, त्याची शाई पुढे उमटते. आजीला विचारूनच लिहा, आणि आजी आठवणीने 'हे घर नंतर जळलं' किंवा 'हे गाव धरणात गेलं' असं काही म्हणाली, तर तेही लिहा.

पुढच्या लेखात बुरशी लागलेला फोटो घरच्या घरी का धुवू नये, ते सांगते.